फी वाढते, हिशेब कुठे दिसतो?

कोलकात्याच्या विमानतळाकडून न्यू टाउनमध्ये शिरलं की वाटतं, हे गाव कुणीतरी पट्टी-पेन्सिल घेऊन आखलं असावं. रुंद रस्ते, ‘ॲक्शन एरिया एक, दोन, तीन’ अशी सैन्याच्या नकाशात शोभावीत अशी वस्त्यांची नावं, इको पार्कचं भलंमोठं तळं, विश्व बांगला गेटची कमान आणि काचेच्या इमारतींमधून चालणारी कॉम्प्युटर कंपन्यांची कामं. पूर्वी इथं राजारहाटची भातशेती होती, मासळीची तळी होती. १९९९मध्ये राज्य सरकारनं ‘हिडको’ नावाचं महामंडळ काढलं आणि त्यातून हे शहर उभं राहिलं. नोकरीच्या निमित्तानं देशभरातली माणसं इथं राहायला आली, त्यात पुण्या-नाशिकची मराठी कुटुंबंही आली. गणपतीला हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात जायचं, दुर्गापूजेला सोसायटीच्या मंडपात खिचडी खायची आणि मुलांना जवळच्या इंग्रजी शाळेत घालायचं, असा त्यांचा शिरस्ता.

समजा, असंच एक घर आहे. काल्पनिक, पण ओळखीचं. थोरली सून न्यू टाउनमध्ये, धाकटी पुण्यात, लेक न्यू जर्सीत आणि सासू-सासरे गावाकडे. आजकाल कुटुंब म्हणजे असाच नकाशा असतो. रविवारी सगळी एकाच वेळी फोनवर येतात. मार्च महिन्यातल्या अशाच एका रविवारी थोरलीनं नव्या वर्षाचं फीचं पुस्तक समोर धरलेलं आहे आणि ती एकेक ओळ वाचून दाखवते आहे. ट्यूशन फी, सेशन फी, कॉम्प्युटर फी, डेव्हलपमेंट फी, बसचे वेगळे. गेल्या वर्षीपेक्षा प्रत्येक आकडा वर सरकलेला. का सरकला, ते पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही.

“मग विचारा की कुणाला तरी,” गावाहून सासरे म्हणतात.

कुणाला विचारायचं, हीच तर अडचण. सासऱ्यांच्या हिशेबी अशा वेळी नगरसेवकाला गाठायचं असतं. पण न्यू टाउनला नगरसेवकच नाही. २००७च्या कायद्यानं इथला कारभार न्यू टाउन कोलकाता डेव्हलपमेंट अथॉरिटीकडे दिला. ती सरकारनं नेमलेली संस्था. रस्ते झाडते, दिवे लावते, घरपट्टी घेते. पण तिचा वॉर्ड नाही, वॉर्डाची निवडणूक नाही. लोक विधानसभेला, लोकसभेला मत देतात. नळाच्या आणि नाल्याच्या प्रश्नावर मात्र मत द्यायची सोय नाही, तक्रार द्यायची आहे. आणि खाजगी शाळेची फी तर त्या अथॉरिटीच्या कक्षेतही येत नाही.

बंगालमध्ये हा प्रश्न पेटला नाही असं नाही. २०१७च्या मे महिन्यात मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी खाजगी शाळांच्या चालकांना समोर बसवून डोनेशन आणि फीवाढीवरून फैलावर घेतलं होतं. तेव्हा नियमन समितीची घोषणा झाली. ऑगस्ट २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळानं खाजगी शाळांसाठी नियामक आयोगाच्या मसुद्याला मंजुरी दिली. घोषणा आणि मसुदा यांच्या मध्ये सहा वर्षं गेली! पहिलीत घातलेलं पोर तेवढ्यात सातवीत पोचतं.

मधल्या काळात जे काही घडलं ते कोर्टात. २०२०मध्ये करोनानं शाळा बंद पडल्या, वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागले, तरी फीच्या पावतीत लायब्ररीपासून प्रयोगशाळेपर्यंत सगळं जसंच्या तसं. पालक कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. १३ ऑक्टोबर २०२०ला न्यायमूर्ती संजीव बॅनर्जी आणि न्यायमूर्ती मौसुमी भट्टाचार्य यांनी १४५ खाजगी शाळांबाबत निकाल दिला. फीमध्ये किमान २० टक्के सूट द्या, न वापरलेल्या सोयींचे पैसे घेऊ नका आणि त्या वर्षी खर्च वजा जाता उरणारी शिल्लक ५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. शिवाय शाळांचे हिशेब पाहण्यासाठी समितीची व्यवस्था सांगितली.

शाळा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथं २८ ऑक्टोबरला काय झालं ते नीट बघण्यासारखं आहे. २० टक्के सुटीला कोर्टानं हात लावला नाही. स्थगिती मिळाली ती समितीबाबतच्या निर्देशांना. म्हणजे पालकांच्या हातात सूट पडली, पण वही उघडली गेली नाही. कायद्याच्या बाजूनं त्याला कारणं असतील. पण घराच्या बाजूनं पाहिलं तर सूट एका वर्षाची असते आणि वही दरवर्षी लागते.

आता धाकटीची पाळी. ती पुण्याची, त्यामुळे बोलण्यात जरा ठसका आहेच.

“जाऊबाई, आमच्याकडे नाही हो असं चालत. आमच्याकडे कायदा आहे.”

खरंच आहे. महाराष्ट्राचा शैक्षणिक संस्था शुल्क विनियमन कायदा नावापुढे २०११ लावतो, पण राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तो २०१४ साली अमलात आला. त्याआधी १९८७चा कॅपिटेशन फीविरोधी कायदा होता, तो डोनेशनच्या पाकिटाशी झगडत होता. फी किती असावी, हे कोण ठरवणार, या प्रश्नाला हात घातला तो या नव्या कायद्यानं. त्याचं उत्तर धाडसी होतं. सरकार ठरवणार नाही, एकटी संस्थाही ठरवणार नाही. आधी पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती पाहील.

त्याची रीत अशी. शाळा सुरू झाली की पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायचा. शाळेत मूल असलेला प्रत्येक पालक त्याचा सभासद. त्यातून कार्यकारी समिती काढायची ती मतदानानं नव्हे, चिठ्ठ्या टाकून! मुख्याध्यापक अध्यक्ष, पालकांमधला एक उपाध्यक्ष, शिक्षकांमधला एक सचिव, दोन पालक सहसचिव आणि प्रत्येक इयत्तेचा एक पालक, एक शिक्षक. निम्म्या जागा बायकांच्या. समितीची यादी सूचना फलकावर लावायची. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनानं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी समितीपुढे ठेवायचा, त्याच्या पुष्टीची कागदपत्रं द्यायची आणि समितीनं ३० दिवसांत निर्णय द्यायचा. एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलायची नाही. जमलं नाही तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे.

चिठ्ठ्या का, असं काही जण विचारतात. निवडणूक का नको? त्याचं उत्तर बंगालमध्येच मिळतं. डाव्या आघाडीच्या राजवटीत तिथल्या अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीवर पालकांचे प्रतिनिधी रीतसर मतदानानं निवडून जात. कल्पना सुरेख होती. पण गावोगावी त्या निवडणुका पक्षांच्या झाल्या. शाळेच्या समितीत कोण आलं यावरून तालुक्यात वारं कुठं वाहतंय, ते वर्तमानपत्रं सांगू लागली. फळा आणि खडू राहिला बाजूला. चिठ्ठीला पक्ष नसतो, हा तिचा गुण. चिठ्ठीला उत्साहही नसतो, हा तिचा दोष. ज्या आईला आकड्यांची आवड आहे तिचं नाव निघेलच असं नाही, आणि ज्यांचं निघतं त्या बाबांना सभेला यायला सवड असेलच असंही नाही.

अशी पालकांची समिती घटनेत बसते की नाही, हा वादही कोर्टात जाऊन आला आहे. राजस्थाननं २०१६मध्ये असाच कायदा केला. तिथंही शाळेच्या फी समितीत पालक चिठ्ठीनं येतात. खाजगी शाळा म्हणाल्या, हा आमच्या स्वायत्ततेवर घाला आहे. ३ मे २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. शाळेला फी ठरवायचा हक्क आहे, नफेखोरीचा नाही, हे सूत्र तर २००२च्या टी. एम. ए. पै खटल्यापासून चालत आलेलं आहे. करोनाकाळातल्या फीत १५ टक्के कपात त्याच २०२१च्या निकालात आली आणि तिच्या आधारानं महाराष्ट्र सरकारनंही त्या ऑगस्टमध्ये १५ टक्के कपातीचा आदेश काढला.

तर कायदा आहे. मग धाकटीनं आपल्या शाळेच्या फीचा प्रस्ताव कधी पाहिलाय का?

इथं फोनवर जरा शांतता पसरते.

नाही पाहिला. समितीत कोण आहे, तेही तिला ठाऊक नाही. जूनमध्ये एक कागद आला होता, त्यावर सही करून तो मुलाच्या दप्तरात परत गेला. तो पालक-शिक्षक संघाचा होता की सहलीचा, हे आता सांगता येत नाही. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत हेच उत्तर येईल. फी वाढली की जूनमध्ये शाळेच्या फाटकाशी गर्दी होते, टीव्हीचा कॅमेरा येतो, घोषणा होतात. पण निर्णयाची वेळ जूनची नव्हेच. शाळा जूनला सुरू होते, तर सहा महिने आधी म्हणजे डिसेंबरच्या मध्याला प्रस्ताव समितीपुढे असायला हवा. त्या दिवसांत घरी नाताळच्या सुटीचे बेत चाललेले असतात. जानेवारीत निर्णय झाला की पुढची दोन वर्षं त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

समितीनं मान डोलावली आणि बाकीच्या पालकांना ते पटलं नाही, तर? कायद्यात नंतर दुरुस्ती झाली. किमान २५ टक्के पालक एकत्र आले तर त्यांना विभागीय समितीकडे दाद मागता येते. ऐकायला बरं वाटतं. पण बाराशे मुलांच्या शाळेत पाव भाग म्हणजे तीनशे पालक. तीनशे सह्या गोळा करायच्या, त्याही अशा लोकांच्या, ज्यांच्या मनात एकच भीती असते, ‘आपल्या मुलावर राग तर निघणार नाही ना?’ ही भीती कुठल्याच कलमात लिहिलेली नाही, पण सह्या तीच अडवते.

आणि समजा प्रस्ताव हातात पडला, तर त्यात बघायचं काय? इथं थोडं गणित केलं तर बिघडत नाही. हजार मुलांची शाळा, वर्षाची फी साठ हजार. म्हणजे वर्षाला सहा कोटी जमा. दहा टक्के वाढ म्हणजे मुलामागे सहा हजार आणि शाळेकडे साठ लाख जास्तीचे. शाळा म्हणते, शिक्षकांचे पगार वाढवायचे आहेत. चांगलं आहे. पन्नास शिक्षक धरा. प्रत्येकाला महिन्याला पाच हजार वाढवून दिले तर वर्षाचे होतात तीस लाख. उरलेले तीस लाख कुठं? त्याचं उत्तर असू शकतं. वीजबिल वाढलं असेल, छत गळत असेल, नवी प्रयोगशाळा असेल. कायद्यानंही फी ठरवताना शाळेचं ठिकाण, सोयी, देखभाल, पगार आणि वाढीसाठी रास्त शिल्लक हे सारं विचारात घ्यायला सांगितलेलंच आहे. फक्त उत्तर कागदावर यायला हवं.

दोन ओळींवर तर बोट ठेवून थांबावं. एक, इमारतीचं भाडं. ते कुणाला जातं? त्याच संस्थेच्या दुसऱ्या ट्रस्टला जात असेल तर ते कुणी आणि कसं ठरवलं? दुसरी ओळ पगाराची. कागदावर लिहिलेला पगार आणि शिक्षिकेच्या हातात पडणारा पगार एकच आहे का? ही दुसरी ओळ पालक सहसा वाचतच नाहीत. फी कमी करा म्हणून ओरडताना वर्गात उभ्या असलेल्या बाईंचा पगार हीच शाळेची सर्वांत मोठी खर्चाची बाब आहे, याचा विसर पडतो. करोनाच्या वर्षी फीची सूट पालकांना मिळाली तेव्हा अनेक ठिकाणी शिक्षकांचे पगार कापले गेले. सूट दिली कुणी आणि सोसली कुणी, हे हिशेब पाहिल्याशिवाय कळत नाही.

इतका वेळ न्यू जर्सीची लेक गप्प होती. तिच्याकडे सकाळ असते, हातात कॉफीचा मग असतो.

“वहिनी, आमच्याकडे बजेटवर मत घ्यायचे,” ती म्हणते.

हे मात्र थोडं समजावून सांगावं लागेल. अमेरिकेत सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ चालवतं. आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. ते कधी एका गावाएवढं असतं, कधी दोन-चार गावांचं. त्याचं मंडळ निवडून येतं आणि शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून भागतो. न्यू जर्सीत तर घरपट्टीचा जवळपास निम्मा भाग शाळांना जातो. त्यामुळे शाळेचं बजेट म्हणजे ज्याच्या-त्याच्या घराचं बजेट. न्यू जर्सीत वर्षानुवर्षं एप्रिल महिन्यात हे बजेट मतदानाला ठेवत. नागरिकांनी यायचं आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगायचं.

शेजारच्या न्यू यॉर्क राज्यात आजही अशी पद्धत आहे. मे महिन्याचा तिसरा मंगळवार हा त्याचा दिवस. त्याआधी मतदारांच्या घरी पोस्टानं सूचना जाते, त्यात या वर्षीचा खर्च, पुढच्या वर्षीचा खर्च आणि घरपट्टीवर होणारा परिणाम छापलेला. एक जाहीर सुनावणी होते. २०११च्या कायद्यानं शाळांच्या कराच्या वाढीला साधारण दोन टक्के किंवा महागाईचा दर, यात जो कमी असेल त्याची मर्यादा घातली. ती ओलांडायची असेल तर शंभरातल्या साठ मतदारांचा होकार लागतो. बजेट पडलं तर जूनमध्ये आणखी एक संधी. तीही गेली तर शाळांना आदल्या वर्षीएवढाच कर घेऊन निभवावं लागतं. मोठ्या शहरांना हे मतदान नाही, न्यू यॉर्क शहर त्यातच आलं.

ऐकून थोरलीला वाटतं, स्वर्गच म्हणायचा! पण स्वर्गातही कुरबुरी असतातच. न्यू जर्सीत एप्रिलच्या त्या मतदानाला शंभरातले जेमतेम पंधराच्या आसपास मतदार येत. म्हणजे पंच्याऐंशी लोक आपल्या धाकटीसारखेच. आणि येणाऱ्यांत नुसते पालक नसत. ज्यांची मुलं केव्हाच मोठी होऊन गेली ते निवृत्त आजी-आजोबाही येत. त्यांच्या पेन्शनीतून घरपट्टी जाते, त्यामुळे त्यांना शाळेच्या खर्चात रस असतो. उलट ज्यांची मुलं वर्गात बसलेली आहेत अशी कित्येक मराठी घरं मतदान केंद्राबाहेरच. एडिसनसारख्या गावांत भारतीयांची दाट वस्ती आहे, शाळा चांगल्या म्हणूनच अनेकांनी तिथं घरं घेतली. पण मत नागरिकालाच. एच-वन व्हिसावर दहा वर्षं राहिलं, घरपट्टी वेळेवर भरली, ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पांढरे झाले, तरी बजेटवर मत नाही. कर आपला, मूल आपलं, निर्णय शेजारच्या आजोबांचा.

२०१०चा एप्रिल तिथं अजून लोकांच्या लक्षात आहे. राज्याची तिजोरी आटलेली. नव्यानं आलेले गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी शाळांच्या राज्य-अनुदानाला मोठी कात्री लावली आणि मतदारांना उघड सांगितलं, जिथले शिक्षक पगार गोठवून घ्यायला तयार नाहीत, तिथलं बजेट पाडा. मतदान नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त झालं आणि राज्यातली निम्म्याहून अधिक शालेय बजेटं पडली! अनेक वर्षांत असं झालं नव्हतं. बजेट पडलं की ते गावाच्या कौन्सिलकडे जाई आणि तिथं कात्री चाले. असली कात्री चालते तेव्हा संगीताचा वर्ग जातो, बसचा मार्ग जातो, एखाद्या तरुण शिक्षिकेची नोकरी जाते. मत देणाऱ्याला आकडा दिसतो. कात्री कुठं लागली ते सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर मुलांना दिसतं.

दोन वर्षांत, २०१२च्या जानेवारीत, न्यू जर्सीनं नवा कायदा केला. शाळा मंडळाची निवडणूक नोव्हेंबरच्या मोठ्या निवडणुकीसोबत घ्या, आणि बजेट दोन टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर मतदानच नको. बहुतेक डिस्ट्रिक्टांनी हा मार्ग धरला. म्हणून लेक म्हणाली ना, ‘घ्यायचे’. आता तिच्या गावात बजेटची जाहीर सुनावणी होते, कागद सर्वांना उघडा असतो, पण हात वर करायची वेळ सहसा येत नाही.

“मग तुम्ही जाता का हो वन्सं, त्या सुनावणीला?” धाकटी विचारते. तिला आपली बाजू सावरायची संधी मिळालेली असते.

“एकदा गेले होते. चौदा माणसं होती, त्यात चार मंडळाचीच.”

सगळी हसतात.

तरी एक फरक उरतोच, आणि तो मताचा नाही. लेकीला बजेटचा कागद हवा असला तर तो मिळतो, कुणाची परवानगी लागत नाही. धाकटीला तो कायद्यानं मिळू शकतो, पण त्यासाठी समितीत नाव निघावं लागतं किंवा समितीतल्या कुणाला तरी गाठावं लागतं. थोरलीला तो बघायचा असेल तर शाळेच्या मर्जीवर अवलंबून. मतदान नसलं तरी चालवून घेता येईल एक वेळ. कागद न दाखवता घेतलेलं मत मात्र नुसतं हात वर करणं झालं. पालक सभेत ‘सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलेल्या किती ठरावांचा आकडा सभेत कुणी वाचून दाखवला होता, हे ज्यानं-त्यानं आठवून बघावं.

पैसा कुणाचा आणि शिकतं कोण, हा प्रश्न काही आजचा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा फायदा घेतात वरचे वर्ग, म्हणून आधी प्राथमिक शाळांवर खर्च करा. पुढे १९१७मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि त्यासाठी वेगळी पट्टीही बसवली. शाळेसाठी दिलेला पैसा शाळेवरच जातो, हे पाहण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. मधल्या काळात मोडली, एवढंच.

ती पूर्ण मोडलेली नाही, हे गावाकडे गेलं की कळतं. सासरे आता बोलू लागतात. त्यांच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत साठ-सत्तर मुलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळांना शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तिच्यातले तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सचिव. शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा आणि आलेलं अनुदान कसं खर्च झालं तेही तिनंच पाहायचं. विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम लागू नाही. म्हणजे साठ हजार फी भरणाऱ्या थोरलीला जो हक्क नाही, तो शेतमजुरी करणाऱ्या आईला आहे.

अर्थात हक्काच्या वाट्याला येणारी रक्कम बघा. शिक्षकांचे पगार सरकार परस्पर देतं, ते समितीच्या हातात नाहीत. हातात येतं ते समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. तीसपर्यंत मुलं असली तर वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. म्हणजे सासऱ्यांच्या शाळेला वर्षाचे पंचवीस हजार, त्यातले अडीच हजार फिनेल, झाडू आणि संडासाला गेले. उरलेल्या साडेबावीस हजारांत खडू, रजिस्टरं, दुरुस्ती आणि विजेचं बिल. बिल थकलं की मीटर तुटतो आणि देणगीतून आलेला टीव्ही भिंतीवर कॅलेंडरासारखा लटकत राहतो. कमी पडलं की लोकवर्गणी. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीत गावकऱ्यांनी शाळेला जमीन आणि वर्गणी दिली, तेव्हा त्या छोट्या वाडीची शाळा बघायला लांबून लोक येऊ लागले. सगळ्या वाड्यांना ते जमत नाही.

“परवाच्या सभेत मुख्याध्यापकांनी सगळा खर्च वाचून दाखवला,” सासरे सांगतात. “सहा ओळी होत्या. पाच मिनिटं लागली.”

“तुम्ही कसे गेलात हो बाबा? तुमचं कोण आहे शाळेत?”

“कुणी नाही. मी पालक नाही, मला मत नाही. कट्ट्यावर बसून ऐकलं.” मग थोडं थांबून ते म्हणतात, “पाण्याची टाकी घ्यायची की वीजबिल भरायचं, यावर अडलं होतं. मागच्या गल्लीतली एक सून उठली. म्हणाली, टाकी फुटल्यापासून पोरी दुपारी पाणी प्यायला घरी येतात आणि परत जात नाहीत. बिलाचं गाव बघेल.”

“मग?”

“मग काय, टाकी आली. बिलासाठी सोमवारपासून वर्गणी काढतोय. तुम्ही तिघी किती देताय, ते सांगा.”